होळी ते मृग, शेत आणि गोठा एकाच वहीत मोजा : दोन आयुक्तालयांना खुलं पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त आणि मा. पशुसंवर्धन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

नमस्कार साहेब,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय ते मुद्दाम. वेगवेगळं लिहिलं तर कृषीवाले म्हणणार गोठ्याचा विषय त्यांचा, पशुसंवर्धनवाले म्हणणार पिकाचा विषय यांचा, आणि आमचं नुकसान कित्येक वर्षं या दोन टेबलांच्या मधेच पडून राहिलंय. मी सीना नदीच्या काठचा शेतकरी. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, थोडा गहू, एक तुकडा उन्हाळी कांदा, आणि गोठ्यात संकरित गायी, दोन म्हशी. आमच्या पट्ट्यात बहुतेकांचं असंच आहे, पिकावर वर्षाचा खर्च निघतो आणि दुधावर महिना चालतो. त्यामुळं फाल्गुनात आभाळ भरून आलं की आम्ही एकाच वेळी शेताकडं पण बघतो आणि गव्हाणीकडं पण, कारण ढग एकच असतो.

तर मागणी आधीच सांगून टाकतो, मग कारणं सांगतो. होळी ते मृग, म्हणजे साधारण मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, दर आठवड्याला तालुकावार एक रिपोर्ट काढा आणि तो सगळ्यांना बघता येईल असा ठेवा. त्यात उभं पीक कुठल्या अवस्थेत आहे, काढलेलं किती आणि कुठं पडलंय, चारा कसा आणि किती आहे, पाणी किती आहे आणि जनावरांची तब्येत कशी आहे एवढं एकत्र असावं. खरिपाला दर आठवड्याला पेपरात येतं की एवढे टक्के पेरणी झाली, एवढी राहिली, सगळी यंत्रणा त्या आकड्याकडं डोळे लावून बसलेली असते. पण पेरलेलं पिकून घरात येण्याच्या वक्ताला, जेव्हा आठ दिवसांत वर्षाचं होत्याचं नव्हतं होतं, तेव्हा आमच्यापर्यंत असं काहीच पोचत नाही. एकदम गारपिटीची बातमी आणि पंचनाम्याचे आदेश, मधलं सगळं गायब.

आता कडब्याचं सांगतो. ज्वारी म्हणलं की बऱ्याच जणांना भाकरीच दिसते, पण आमच्याकडं शाळू पेरतानाच निम्मा विचार कडब्याचा असतो. एवढ्या नवीन जाती आल्या तरी लोकं मालदांडी सोडत नाहीत त्याला कारण तिचा कडबा, उंच, पानाळ, चवीला गोड, जनावर धांड्यासकट खातं आणि मागं फार उरत नाही. हा कडबा माघ-फाल्गुनात निघतो. ज्वारी उपटून चार दिवस रानातच पसरून वाळत ठेवायची, मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मळणी मशीन ज्याच्याकडं लवकर मिळंल त्याच्यामागं फिरायचं, आणि मग पेंढ्या उभ्या करून बुचाड किंवा आडव्या रचून गंज. या सगळ्यात दोन-तीन आठवडे जातात आणि नेमके तेच दिवस हल्ली अवकाळीचे झालेत.

पसरलेल्या ज्वारीवर पाऊस पडला की कणसाचा दाणा काळा पडतो, हे सगळ्यांना माहितीय, व्यापारी मूठभर हातात घेऊन तोंड वाकडं करतो आणि क्विंटलमागं भाव पाडतो. पण पेंढीचं काय होतं ते कुणी बघायला येत नाही. वरनं दोन दिवसांत वाळलेली दिसते, रंग जरा मळकट एवढंच. बंध सोडला की आत पाना-पानाच्या मधे पांढरट जाळी धरलेली असते, आंबूस वास येतो, हातात घेतलं की पाला धुळीसारखा गळतो आणि उरतो नुसता धांडा. गाय एकदा नाक लावून तोंड फिरवते. भूक लागली की खाते पण मग, आणि ते जास्त वाईट, कारण बुरशीच्या चाऱ्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पोटातनं दुधात उतरतं. एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, दुधात त्याची मर्यादा किलोमागं अर्धा मायक्रोग्रॅम इतकी बारीक ठेवलीय. म्हणजे फाल्गुनात आमच्या रानात पडलेला पाऊस वैशाखात शहरातल्या पोरांच्या ग्लासापर्यंत पोचू शकतो, आणि ही साखळी कुठल्याच खात्याच्या कागदावर नाही.

पंचनाम्याला आलेल्या माणसाला कणीस दाखवता येतं. कडबा दाखवला की तो म्हणतो याला कॉलमच नाही. त्याच्यावर राग नाही माझा, त्याच्या हातातल्या फॉर्मात खरंच कॉलम नाही, तो बिचारा ऊन डोक्यावर घेऊन बांधाबांधानं हिंडतोय. पण विचार करा, कोरडवाहू शाळवाचं एकरी धान्य थोडंच येतं, तिथं कडब्याचं उत्पन्न धान्याच्या बरोबरीनं धरावं लागतं आणि कडबा महाग असलेल्या साली तर धान्यापेक्षा जास्त. तो जळाला, भिजला, कुजला तर ते नुकसान पिकाचं पण नाही आणि जनावराचं पण नाही, असं आपल्या सिस्टिमचं म्हणणं झालं.

मग ज्याचा कडबा गेला तो शेतकरी काय करतो? वाढं आणतो. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, स्वस्त मिळतं, हिरवं असतं, गायी आवडीनं खातात. पण वाढ्यात ऑक्झॅलेट जास्त, ते शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं, महिना-दोन महिने नुसतं वाढ्यावर ठेवलेली गाय हळूहळू खंगते, दूध कमी, माजावर येत नाही, व्यायल्यावर बसली की उठत नाही. चुन्याची निवळी मारून द्या असं डॉक्टर सांगतात, ते करणारे करतात. आणि एप्रिल उजाडेपर्यंत साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, गाळप थांबतं, म्हणजे वाढं पण संपलं. तिथून मृगापर्यंत ज्याच्याकडं चांगली गंज आहे किंवा मुरघासाचा, म्हणजे दाबून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा आहे तोच तगतो, बाकीचे आठवडी बाजाराला जनावर घेऊन जातात आणि त्या वेळंला सगळेच विकणारे असतात, घेणारा एकच व्यापारी, तो म्हणंल ती किंमत.

आता उन्हाचं. पाऊस निदान दिसतो, ऊन दिसत नाही म्हणून त्याचा पंचनामाच होत नाही. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण मार्च ठरला आणि त्या साली गव्हाचं एवढं कमी भरलं की १३ मेला केंद्रानं गव्हाची निर्यातच बंद केली. पुढच्याच साली, २०२३ ला, फेब्रुवारीतल्या दिवसाच्या तापमानानं १९०१ पासूनचा रेकॉर्ड मोडला. आमच्याकडं गहू तसाच, पेरणी जरा लांबली की दाणा चिकात असतानाच ऊन ३४-३५ च्या पुढं जातं. झाड बिचारं घाई करतं, जे भरायला पंधरा-वीस दिवस लागले असते ते दहा दिवसांत उरकतं आणि दाणा चिमतो. लांबनं बघितलं तर शेत पिवळंधमक, ओंब्या भरल्यासारख्या, मशीनमधनं पोतं भरलं की मग कळतं वजनच नाही. मदतीला ३३ टक्के नुकसानीची अट आहे, पण याचं नुकसान ३३ टक्के झालं की ३० हे डोळ्यांनी कोण सांगणार? लोळलेला गहू फोटोत येतो, चिमलेला येत नाही.

त्याच उन्हात गोठ्यात काय चाललंय बघा. गायीला ताप नुसत्या उन्हाचा नसतो, ऊन आणि दमटपणा मिळून असतो, त्याचा एक निर्देशांक आहे, टीएचआय म्हणतात, तो ७२ च्या वर गेला की होल्स्टीन या विदेशी जातीच्या रक्ताची गाय दूध कमी करायला लागते. आमच्याकडं मार्चच्या मध्यापासनं दुपारी हा आकडा कधीच ओलांडलेला असतो. गाय जिभा काढून धापा टाकते, लाळ गळते, सावलीत एका जागी उभी राहते पण बसत नाही, कारण उभं राहिलं की अंगाला जरा हवा लागते. वैरण पचताना पोटातच उष्णता तयार होते, तीही कोरड्या जाड वैरणीनं जास्त, म्हणून ती वैरण खातच नाही, नुसतं पाणी मागते. दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी पिणारी गाय आहे आणि गावाला टँकर. म्हशीचं अजून वेगळं, काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, तिला डुंबायला लागतं आणि ओढ्यात पाणी नाही. तिचा माज उन्हाळ्यात मुका होतो, ओरडत नाही, सोट दिसत नाही, भरवायची वेळ निघून जाते. गायी भरवल्या तरी उलटतात, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतात. आज उलटलेली गाय म्हणजे पुढच्या सालचं दूध तीन आठवडे लांबलं, दोनदा उलटली तर दीड महिना. या नुकसानीचा आकडा कुठं लागतो मला सांगा.

आणि दूध नुसतं कमी होत नाही, पातळ पण होतं. वैरण कमी खाल्ली की फॅट पडते, पाणी जास्त आणि खाणं कमी म्हणून डिग्री, म्हणजे दुधाचा घट्टपणा मोजणारा आकडा, पडते. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असतो, त्याच्या खाली पॉइंटवारी कटती. म्हणजे लिटर कमी, वर प्रत्येक लिटरला भाव कमी, आणि त्याच महिन्यात पेंडीचं पोतं महाग, कडबा महाग. डेअरीवर मशीनमधनं पावती निघते त्याच्यावर हे सगळं रोज सकाळ-संध्याकाळ छापून येतं. तुम्हाला जनावरांची हालत कळायला नवीन सर्वे कशाला पाहिजे साहेब, तालुक्यातल्या सगळ्या संकलन केंद्रांची लिटर, फॅट आणि डिग्री आठवड्याला एकत्र करा. कुणा शेतकऱ्याचं नाव नको, कुठल्या संघाचं नाव नको, नुसती तालुक्याची सरासरी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डिग्री अचानक खाली आली की समजायचं ऊन बाधलं किंवा चारा संपला. असा रोजचा आरसा दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नाही आणि आपण तो वापरत नाही.

अजून एक गोष्ट जी शहरातल्या माणसाला माहितीच नसते, किराळ. शाळू काढून झाला, रानात धसकटं राहिली, त्याच्यावर अवकाळी पडला की आठ-दहा दिवसांत कोवळे लुसलुशीत फुटवे येतात. सगळीकडं वाळलेलं आणि तिथंच हिरवं, जनावर दावं तोडून तिकडं पळतं. त्या फुटव्यात सायनाइडसारखं विष असतं, हायड्रोसायनिक आम्ल, आणि भरपूर खाल्लं की अर्ध्या-पाऊण तासात जनावर थरथरतं, धाप लागते, आडवं पडतं आणि जातं. डॉक्टर वेळंत पोचला, शिरेतनं औषध दिलं, तर वाचतं. पण वेळंत म्हणजे किती वेळंत, तर मिनिटांत. १९६२ या फिरत्या पशुवैद्यकीय गाडीच्या नंबरला फोन लावला तरी गाडी तालुक्याच्या कुठल्या कोपऱ्यात असंल सांगता येत नाही, दवाखान्यात डॉक्टर एक आणि गावं कितीतरी. इथं औषधापेक्षा आधीची सूचना कामाची आहे. पाऊस कुठल्या महसूल मंडळात, म्हणजे कुठल्या गावांच्या गटात, पडला हे कळतं, त्या मंडळात शाळू निघालेला आहे का हे कृषीला माहिती, तिथं जनावरं किती हे पशुसंवर्धनला माहिती. तिन्ही गोष्टी एका जागी असत्या तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी गावात दवंडी देता आली असती, किंवा व्हॉट्सअॅपवर एक ओळ, की आठ दिवसांनी धसकटाच्या रानात जनावर सोडू नका. आज ती ओळ जनावर मेल्यावर येते.

वीज पण याच दिवसांतली. चैत्र-वैशाखात वळीव येतो तो दुपारी चारच्या पुढं, वारा सुटतो, जनावरं झाडाखाली बांधलेली असतात आणि वीज झाडावरच पडते. आणि पावसानंतर गोचीड वाढते, गोचीडताप येतो, माश्या-डास वाढतात. २०२२ ला लम्पीनं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तो रोग पसरवणाऱ्या माश्या-डास-गोचीड हवामानावरच वाढतात. घटसर्प-फऱ्याच्या लशी पावसाळ्याच्या तोंडाला द्यायच्या असतात, पण २०२५ सारखा पावसाळाच मे महिन्यात आला तर? त्या साली २४ मेला मान्सून केरळात आणि २६ मेला मुंबईत, आणि त्याच्या आधी पण मेभर पाऊस चालूच. कांदा काही रानात, काही पातीखाली झाकलेला, उन्हाळी भुईमूग आणि बाजरी काढणीला आलेली, नांगरट अर्धी राहिलेली. कोकणातला आंबा झाडावर असतानाच भिजला.

कांद्याचं दोन ओळीत सांगतो कारण त्याचं दुखणं जास्त लपून असतं. माना पडायच्या वेळंला भिजलेला कांदा काढताना चांगलाच दिसतो. चाळीत घातला की महिन्या-दीड महिन्यानं खालनं पाणी सुटायला लागतं आणि वास येतो. तोवर पंचनाम्याची मुदत संपलेली, विम्याची पण संपलेली.

विमा निघालाच आहे तर बोलतो. पूर्वी निदान अशी तरतूद होती की काढून रानात वाळत घातलेलं पीक १४ दिवसांच्या आत पावसानं किंवा गारानं गेलं तर ७२ तासांत कळवायचं आणि भरपाई मागायची. कळवताना ॲप चालायचं नाही, फोन लागायचा नाही, ते सगळं होतंच, पण दार तरी होतं. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयात पीक विम्याची योजना बंद केली आणि त्याच्यासोबत स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान हे दोन्ही काढून टाकलं, तेव्हापासून भर पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. माझ्या डोक्यात ही गोष्ट बसतच नाही. फाल्गुनातला पाऊस मंडळाची सरासरी बघून पडत नाही, गारा एका शिवारात पडतात आणि ओढ्यापलीकडं कोरडं असतं. आणि कापणी प्रयोग ज्या प्लॉटचा होतो तो उभ्या पिकाचा, पसरलेल्या ज्वारीचा कोण करणार. ही तरतूद परत आणा असं कृषी आयुक्तांनी वरती लेखी कळवावं ही या पत्रातली दुसरी मागणी समजा.

मदतीचे निकष पण बघा. २०१५ मध्ये नुकसानीची अट ५० टक्क्यांवरनं ३३ वर आणली, ते चांगलंच केलं. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८ हजार ५००, बागायतीला १७ हजार, फळबागेला २२ हजार ५००, दोन हेक्टरपर्यंत. जनावराला, दुभती गाय-म्हैस मेली तर ३७ हजार ५००, बैलाला ३२ हजार, शेळी-मेंढीला ४ हजार. यातला शब्द बघा, मेली तर. जनावर जिवंत राहिलं पण दूध निम्म्यावर आलं, गाभडलं, कास सुजली, चारा कुजला म्हणून हाडं वर आली, याला काहीच नाही. मी म्हणत नाही की प्रत्येक कमी झालेल्या लिटरला सरकारनं पैसे द्यावेत, तेवढं कुणालाच परवडणार नाही. पण मोजा तरी. जे मोजलंच जात नाही त्याच्यावर कुठल्याही मीटिंगमधे कुणी बोलत नाही.

आणि २०१४ ची आठवण करून देतो. फेब्रुवारीच्या शेवटापासनं मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट थांबायलाच तयार नव्हती, मराठवाडा, सोलापूर, नाशिक, विदर्भ, द्राक्षाचे मांडव जमिनीवर, मोसंबीची झाडं उघडी, गहू-हरभरा मातीत, पाखरं-जनावरं मेलेली. तेव्हा सगळे म्हणाले असं शंभर वर्षांत झालं नव्हतं. त्याच्यानंतर दरवर्षी कुठं ना कुठं होतंच आहे. मग ज्याला आपण अवकाळी म्हणतो ते जर नेमानं येत असंल तर त्याची नेमानं नोंद ठेवायची व्यवस्था का नको?

अशी व्यवस्था जगात नाही असं नाही. अमेरिकेत त्यांचं कृषी खातं एप्रिल ते नोव्हेंबर दर सोमवारी एक रिपोर्ट काढतं. मका किती टक्के पेरला, किती उगवला, गहू ओंबीवर किती, आणि हालत पाच पायऱ्यांत, फार वाईट, वाईट, बरी, चांगली, उत्तम. कुरणांची हालत पण त्यातच. माँटाना, डाकोटासारख्या गुरांच्या राज्यांत तर वसंतात गायी किती व्यायल्या, वासरं कशी आहेत, वाळलेला चारा आणि जनावरांचं पाणी पुरेसं आहे की कमी, हे पण सांगतात. आणि यासाठी काही मोठी यंत्रं नाहीत, गावोगावचे विस्तार अधिकारी आणि रोज रान बघणारी माणसं आपल्या डोळ्यानं बघून फॉर्म भरतात. त्यांचं हवामान वेगळं, शेतं शेकडो एकरांची, इथं तसंच्या तसं आणता येणार नाही. पण रान आणि जनावर एका कागदावर बघायचं हे आपल्याला नवीन थोडंच आहे? घरातली म्हातारी माणसं तसंच बघत आलीत.

आपल्याकडं तुकड्या-तुकड्यानं बरंच आहे. महावेध या हवामान प्रकल्पाची दोन हजारांवर केंद्रं महसूल मंडळात उभी आहेत, तापमान, पाऊस, वारा, आर्द्रता मोजतात. म्हणजे टीएचआय काढायला लागणारं तापमान आणि आर्द्रता दोन्ही तिथं आहे, नुसतं गणित करून गावाला सांगायचं राहिलंय. मोबाईलवरच्या ई-पीक पाहणीत कुठल्या गटात काय पेरलं ते २०२१ पासनं येतंय. राहुरी, परभणी, अकोला, दापोलीच्या विद्यापीठांकडनं मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान सल्ला निघतो, त्यात जनावरांचं पण चार ओळी असतं, मी वाचतो आणि चांगला असतो. पण हे सगळं वरनं खाली येतं. खालनं वर काय जातं? जिल्ह्याजिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांत हवामानाची जी छोटी युनिटं होती ती जरा तरी खालचं ऐकायची, ती केंद्रानं २०२४ मधे बंद केली. पशुगणना पाच वर्षांनी. आणि २०२५ मधे राज्यानं पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, त्याचं मनापासून स्वागत, पण दर्जा बरोबरीचा तर नोंद पण बरोबरीची पाहिजे.

माणसं कमी आहेत हे तुम्ही सांगाल आणि ते खरंय. म्हणून मी रोजचं मागत नाही, गावागणिक पण मागत नाही. एका मंडळात एक सहायक कृषी अधिकारी, एक पशुवैद्यकीय दवाखान्यातला माणूस, आणि दोन-तीन शेतकरी, त्यातली एक तरी बाई असावी कारण गोठ्यात काय कमी पडलं ते आधी तिला कळतं, आणि एक मेंढपाळ जिथं मेंढ्या आहेत तिथं. शुक्रवारी अर्धा तास फोनवर दहा प्रश्न. शाळू उभा किती, पसरलेला किती, गंजीत किती. गहू चिकात की पक्का. कडबा शेकड्याला, म्हणजे शंभर पेंढ्यांना, काय भाव चाललाय. बाजाराला जनावरं नेहमीपेक्षा जास्त आली का. पाणी विहिरीचं की टँकरचं. लाळ-खुरकुताची लस झाली का. उत्तरं पाच पायऱ्यांतच घ्या, आकड्यांचा हट्ट नको, आकडा मागितला की वरच्याला आवडंल तो आकडा भरला जातो.

याचा उपयोग तुम्हालाच होईल. गारपिटीच्या आधीच्या आठवड्यात अमुक मंडळात निम्मा शाळू रानात पसरलेला होता अशी नोंद असली तर पंचनाम्याच्या वेळी वाद घालायला जागाच राहणार नाही, ना शेतकऱ्याला ना अधिकाऱ्याला. कडब्याचा शेकडा मार्चमधेच वाढायला लागला आणि डेअरीची डिग्री उतरायला लागली हे जिल्हाधिकाऱ्यांना दिसलं तर चाऱ्याचं बघायला मे उजाडणार नाही. २०१९ ला दुष्काळात चारा छावण्या सुरू झाल्या तोवर आमच्याकडच्या कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या होत्या, छावणीत आली ती उरलेली जनावरं. आणि चांगलं झालेलं पण त्यात येऊ द्या. मेमधला एखादा वळीव नांगरटीची ढेकळं विरघळवतो, उसाला एक पाणी वाचवतो, बांधाला गवत फुटतं. सगळाच पाऊस वाईट नसतो, कुणाचं काय रानात आहे त्याच्यावर असतं सगळं, म्हणून तर अवस्था माहिती पाहिजे म्हणतोय.

सगळ्या राज्यात एकदम नका करू. शाळू आणि दूध दोन्ही असलेले चार-पाच तालुके घ्या, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यातले, आणि एक द्राक्ष-कांद्याचा नाशिककडचा. एक उन्हाळा चालवून बघा. पंचनाम्याच्या फॉर्मात चारा हा कॉलम मात्र त्याची वाट न बघता घाला, त्याला काही पायलट प्रोजेक्ट लागत नाही. फॉर्म महसूलचा आहे हे मला माहितीय, पण कडबा म्हणजे काय हे त्यांना तुम्ही दोघांनी एका सहीनं सांगितलं तरच ते होईल. तुमची दोन्ही ऑफिसं पुण्यातच आहेत.

उत्तर मला नाही दिलं तरी चालंल, पण दोन्ही खात्यांची मिळून एक बैठक दिवाळीच्या आत व्हावी. त्याच्यानंतर शाळू पोटरीत येतो, मग लोकं कामाला लागतात, तुम्ही विधानसभेच्या अधिवेशनाला लागता आणि बघता बघता माघ येतो. बैठकीला आमच्या भागातनं कुणी बोलवणार असाल तर दुधाच्या दोन वेळांच्या मधली वेळ ठेवा, म्हणजे अकरा ते तीन, आम्ही येतो.

आपला,
सीना काठचा एक शाळू आणि दूधवाला शेतकरी